सालगड्याचा महिना

गुढी उभी राहिली, कडुलिंबाचा पाला चावून झाला, की बोरगव्हाणात माणसांचा भाव ठरू लागे. पाडव्याला सालगड्याचे वर्ष संपते आणि त्याच दिवशी नवे लागते. मालकाच्या ओट्यावर गावातली चार जाणती माणसे बसत, खालच्या पायरीवर गडी बसे, आणि त्याच्या वर्षभराच्या हातापायांचे मोल त्याच्यादेखत बोलले जाई. रोकड इतकी, ज्वारी इतकी पोती, शिवाय एक धोतरजोडी, दोन सदरे, एक जोडा, एक घोंगडी. सुपारी फुटली की व्यवहार पक्का. मग पुढचा पाडवा येईपर्यंत गड्याने आपल्या देहाविषयी फारसे मनात आणायचे नाही.

तात्यारावांच्या ओट्यावर सुग्रीवचे साल ठरायला पान खाऊन होईल इतकाही वेळ लागत नसे. पालमपासून दोन कोसांवरच्या या गावात तात्यारावांची साठ एकर काळी जमीन होती, चार बैलजोड्या होत्या, आणि सुग्रीव त्यांच्याकडे अठरा वर्षे टिकलेला गडी होता. तो घासाघीस करत नसे आणि तेही फार ताणत नसत. पण ब्याऐंशीच्या पाडव्याला त्याच्या आधी मुंजाजीची पाळी आली.

मुंजाजी हा तात्यारावांच्या वडिलांच्या काळापासूनचा गडी. त्याने सत्तरी गाठली होती. पायरीवर बसताना त्याने एक हात जमिनीला टेकला, आणि तो टेकलेला हात ओट्यावरच्या सगळ्यांनी पाहिला.

"मुंजाजी," तात्याराव म्हणाले, "आता तुजं साल नगं. लय राबलास. आखाड्यावर पडून ऱ्हा, ढोरावर नजर ठीव. घरून भाकरी येत जाईल."

चार माणसांनी माना हलवल्या. मालकाचे मन मोठे, असे ती म्हणाली, आणि त्यात खोटे काही नव्हते. इतर गावांत थकलेल्या गड्याला पाडव्याच्या आदल्या दिवशीच 'उद्या येऊ नको' असा निरोप जाई. मुंजाजीने हात जोडले. दरवर्षी अर्ध्या पोत्यासाठी ओटा दणाणून सोडणारा तो माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. ज्याला भाव उरला नाही त्याला बोलही उरत नाही, हे सुग्रीवच्या ध्यानात आले.

सुग्रीव तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याला मुलगा नव्हता. एकुलती एक दैवशाला. तिचे लग्न नामांतराच्या दंगलीच्या साली झाले होते. रस्ते बंद होते, कुठल्या कुठल्या गावांत दलितवस्तीतली घरे जळाल्याच्या बातम्या येत होत्या, आणि जिंतूरकडचे वऱ्हाड दोन दिवस उशिरा, उतरल्या चेहऱ्याने पोचले होते. तेव्हापासून ती सासरी सुखात होती. पण बोरगव्हाणात म्हातारपणाला एकच नाव होते, ते म्हणजे मुलगा. लेकीच्या दारात पाणी प्यायचे तेही उभ्याने, असे मानणारा तो मुलूख. दीड एकर मुरमाड जमीन पुतण्याच्या नावे करावी आणि त्याने दोन वेळ घालावे, अशी एक वाट होती. पण पुतण्या दिवाळी झाली की बायकोसह ऊसतोडीला जाई आणि उन्हाळ्यात परते. जो स्वतःच सहा महिने गावात नसतो तो दुसऱ्याच्या ताटाकडे कधी बघणार?

त्या वर्षी मुंजाजीची भाकरी आखाड्यावर पोचवायचे काम सुग्रीवकडेच आले. शेतातल्या त्या गोठ्यात म्हातारा दिवसभर बाजेवर बसून असे. भाकरी कधी दहाला येई, कधी पाहुणे असले तर दुपार टळल्यावर.

"येती रे भाकरी," मुंजाजी म्हणे. "पण कवा येती ते तिचं तिलाच ठाव. भूक लागली म्हणायची चोरी हाय बघ. कामावर व्हतो तवा मालकिणीला आवाज द्यायचो, 'वाढा वो माय, उशीर व्हायलाय.' आता कंच्या तोंडानं द्यायचा?"

सुग्रीव त्याच्यापुढे भाकरी सोडून ठेवी आणि कामावर परते. 

गावातली टपालकचेरी म्हणजे पंडित गुरुजींच्या घराची पुढची खोली. गुरुजी शाळेत शिकवत आणि सकाळ-संध्याकाळ टपालाचे काम बघत. तात्यारावांच्या परभणीला शिकणाऱ्या मुलांची मनीऑर्डर करायला सुग्रीव तिथे जाई. भिंतीवर एक रंगीत कागद लावलेला होता. त्यावर नवरा-बायको आणि दोन मुले हसत उभी होती. चारही जणांच्या पायांत जोडे होते.

"गुरुजी, ह्ये काय म्हणायलंय?" त्याने एकदा विचारले.

"बचत करा म्हणायलंय. दर महिन्याला ठरलेले पैसे भरायचे. पाच वर्षं. मग व्याजासकट परत."

"कुणालाबी चालतं?"

"कुणालाबी. महिना चुकला न्हाई पायजे."

सुग्रीवने मान खाली घातली. अडचण नेमकी तिथेच होती. सालगड्याला महिना नसतो, साल असते. त्याची रोकड पाडव्याला एका हाताने येई आणि त्याच आठवड्यात दुकानदाराकडे, सोयऱ्यांकडे, लग्नकार्यांकडे दुसऱ्या हाताने निघून जाई. त्यानंतर बारा महिने त्याच्या घरी पैसा दिसायचा तो छबूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, कापूस वेचून आणलेल्या चार नोटांच्या रूपाने.

"वर्साचं एकदम भरलं तरी चालतं," गुरुजी म्हणाले.

"एकदम आलेला पैसा पोस्टापत्तुर पोचत न्हाई गुरुजी. मदी गाव हाय."

वर्षभर त्याने तो विचार बैलांच्या मागे चालताना कोळपला. रोकडीला हात लावता येत नव्हता. ज्वारी तोडली तर दोघांची पोटे तुटत. मग सालात उरले काय? धोतर, सदरे, जोडा आणि घोंगडी. घोंगडी गेल्या सालची धड होती. धोतराला ठिगळ लागते. आणि पाय तर देवाने दिलेलेच होते.

त्र्याऐंशीच्या पाडव्याला ओट्यावर रोकड ठरली, पोती ठरली, आणि तात्याराव सुपारी फोडणार तोच सुग्रीव म्हणाला, "मालक, औंदा कापडं नगं. जोडाबी नगं, घोंगडीबी नगं. त्याचे पैसे द्या."

अडकित्ता थांबला. "कामून रे? कर्ज काढलंस का कुठं?"

"न्हाई मालक. पोस्टात टाकायचेत. म्हातारपनाला." मग धीर करून त्याने उरलेलेही सांगून टाकले. "आन् एकदम नगं. म्हयन्याला वीस रुपये द्या."

ओट्यावर हशा पिकला. आश्रुबा नावाचे शेजारचे बागायतदार तिथे बसले होते. त्यांना तर ठसकाच लागला. "तात्याराव, गड्याला पगार चालू करा आता. मस्टर ठिवा. ऐतवारी सुट्टी द्या."

तात्याराव स्वतःही हसत होते. "म्हयन्याला द्यायला मी काय सरकार हाय का रे?"

"सरकार असते तर मागितलं नसतं मालक," सुग्रीव साधेपणाने म्हणाला. "सरकार मला कशाला देतंय?"

हे मात्र तात्यारावांना आवडले. गड्याचे डोके उन्हाने तापले आहे, दोन महिन्यांत थंड होईल, असे समजून त्यांनी सुपारी फोडली.

घरी छबूबाईने चुलीपुढून वळून बघितलेसुद्धा नाही. "लोकाचे गडी भांडून कापडं घेतेत, आन् आमच्या धन्यानं व्हती ती सोडली. मी लुगडं कशाचं नेसू? पोस्टाचं?"

"तुजं लुगडं दरसाली रोकडीतूनच येतं की."

"आन् तुमी?"

"माज्याकडं कोण बघतंय?"

"मी बघते," ती म्हणाली आणि फुंकणी उचलून चुलीत इतक्या जोराने फुंकली की राख घरभर उडाली.

पहिले वीस रुपये भरल्यावर गुरुजींनी पुस्तकावर शिक्का मारून दिला. सुग्रीवने तो शिक्का बोटाने चाचपला. घरी आला, झोपला, आणि दुसऱ्या दिवशी औत सोडल्यावर पुन्हा गुरुजींच्या दारात उभा राहिला.

"काय राहिलं?"

"काय न्हाई. पैसे बघावं म्हणलं."

"कंचे पैसे?"

"माजे. कालचे."

गुरुजी चांगले गृहस्थ होते. त्यांनी टपालाची लोखंडी पेटी उघडून दाखवली. आत तिकिटे होती, कोरी कार्डे होती, लाखेची कांडी होती आणि चिल्लर होती. सुग्रीवचा चेहरा पडला. दावणीचे जनावर रात्री सुटून जावे आणि सकाळी नुसती दावण दिसावी, तसे त्याला झाले.

"गेले व्हय?"

"पालमला गेले. टपालाच्या पिशवीत."

"आन् तितून?"

"तितून परभणीला."

"बरूबर कोन हाय त्यांच्या?"

गुरुजींना हसू आवरेना. मग त्यांनी त्याला ओसरीवर बसवून घेतले आणि समजेल अशा रीतीने सांगितले की पैसा बसून राहिला तर वाढत नाही. सरकार तो धरणाला लावते, रस्त्याला लावते, आणि वापरल्याबद्दल व्याज देते. सुग्रीवने सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी माजे पैसे सालानं ठिवलेत," तो म्हणाला. "सरकारच्या घरी."

"तसंच समज."

"मंग राबू द्या. पर साल त्यांचं बी पाडव्याला फिटलं पायजे."

त्या दिवसापासून पैसे बघायचा हट्ट त्याने सोडला. पुस्तक मात्र तो कोनाड्यात न ठेवता आढ्याला टांगलेल्या शिंक्यात, तुपाच्या गाडग्याशेजारी ठेवू लागला, कारण घरातली सगळ्यात जपायची वस्तू तिथे असते. पहिल्या सहा महिन्यांतच पुस्तकाचा एक कोपरा तेलकट झाला. गुरुजी त्यावरून बोलले, तरी जागा बदलली नाही.

पोळा आला तोवर सुग्रीवच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि सदऱ्याच्या पाठीवर छबूबाईने जुन्या लुगड्याच्या काठाचे ठिगळ लावले होते. तात्यारावांच्या बैलांना गावात मान होता. मारुतीच्या पारापुढून त्यांची जोडी सगळ्यांच्या आधी निघे. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरसे लावलेली झूल. आणि त्या जोडीचा कासरा धरून सुग्रीव पुढे चालला होता. पायांत काही नाही, पाठीवर हिरव्या काठाचे ठिगळ.

पाराजवळ आश्रुबा उभे होते. त्यांच्या गड्याच्या डोक्याला कोरा गुलाबी फेटा होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "बैलं झकास सजिवलीत तात्याराव! गडी सजवायचा तेवढा ऱ्हायला."

कोणीतरी मागून भर घातली. "जोडा पोस्टात टाकलाय त्यानं!"

सगळा पार हसला. तात्याराव हसले नाहीत. मालकाने गड्याला कपडे द्यायचे असतात ते गड्याला थंडी वाजते म्हणून नव्हे, तर गाव बघते म्हणून. ही गोष्ट सुग्रीवच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. आपण आपलेच कपडे सोडले, असे तो समजत होता. ते अर्धे मालकाचे होते, हे त्याला तिथे पाराजवळ, दोन्ही बैलांच्या मध्ये उभे असताना कळले.

बैल बांधून, पुरणपोळी भरवून झाल्यावर तात्यारावांनी त्याला ओट्यावर बोलावले. चार माणसे नव्हती. मालकीण दाराआड उभी होती.

"उद्यापून म्हयन्याचं बंद. पालमला जाऊन जोडा घे, सदरा घे. पैसे मी देतो दुकानात. न्हाई पटत तर दुसरा मालक बघ. माजी इज्जत चव्हाट्यावर टांगायला तुला ठिवला न्हाई."

सुग्रीव उभाच राहिला. पाच वर्षांतले पाच महिने भरून झाले होते. मध्येच सोडले तर ते सगळे साल वाया. आणि दुसरा मालक? भर पावसाळ्यात, अर्ध्या सालात, सत्तेचाळिशीच्या गड्याला कोण दारात उभा करणार? त्याला वाद घालता येत नसे. घासाघीसही येत नसे. जे डोळ्यांपुढे होते तेच तो बोलला.

"मालक, मुंजाजीकाकाला तुमच्या घरून किती जोडे मिळाले असतील?"

"त्येचा काय संबंध?"

"तीस तरी असतील. वडिलांच्या येळंपून. दर साली नवा कोरा. तुमी कंजूषी केली न्हाई कवा." तो थांबला. "काल आखाड्यावर पाऊस व्हता. म्हातारा चिखलात अनवानी हुबा व्हता. तीस जोडे झिजले, त्यातला एक बी म्हातारपनाला उरला न्हाई. मला जोडा नगं असं न्हाई मालक. मला शेवटचा जोडा पायजे."

दाराआड बांगड्या वाजल्या. तात्याराव उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी गडी कामावर आला आणि मालकाने त्याला 'जा' म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी तात्याराव पालमच्या बाजारातून आले ते दोन जोडे घेऊन. एक त्यांनी स्वतः आखाड्यावर नेऊन मुंजाजीच्या बाजेखाली ठेवला. दुसरा सुग्रीवपुढे टाकला.

"ह्यो सालातला न्हाई. तुज्यासाठी बी न्हाई. माज्या इज्जतीसाठी हाय. गावातून जाताना घालायचा. शेतात काय करायचं ते कर."

महिन्याचे वीस रुपये चालू राहिले. पण तात्याराव देव नव्हते, शेतकरी होते. पुढच्या पाडव्याला सुपारी फोडायच्या आधी त्यांनी जोड्याची आठवण काढली आणि रोकडीतून तेवढे कमी करू म्हणाले. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा सुग्रीवने ओट्यावर तोंड उघडून घासाघीस केली.

"तो तुमच्या इज्जतीचा जोडा व्हता मालक. इज्जत तुमची, तर पैसे माजे कसे?"

आश्रुबाच सगळ्यांत आधी हसले. तात्यारावांना हसण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

मुंजाजी पुढे तीन वर्षे जगला. आखाड्यावरच गेला. त्याची माती तात्यारावांनी नीट केली, तेरावे घातले. गावाने पुन्हा त्यांची वाहवा केली, आणि या खेपेला सुग्रीवनेही केली, मनापासून. कुणाचे माणूसपण कमी होते म्हणून मुंजाजीचे हाल झाले नव्हते. दुसऱ्याच्या माणूसपणावर रोज सकाळी अवलंबून राहावे लागले, एवढेच त्याचे दुःख होते.

अठ्ठ्याऐंशी साली पाच वर्षे भरली. गुरुजींनी पैसे मोजून समोर ठेवले, तेव्हा सुग्रीवने हात लावण्याआधी छबूबाईकडे बघितले. ती मुद्दाम सोबत आली होती. इतकी रक्कम त्यांच्या नावाची म्हणून त्या दोघांनी एकत्र कधी बघितली नव्हती.

बातमीला पाय असतात. आठ दिवसांत जावई दारात हजर. माणूस वाईट नव्हता. त्याला पिठाची गिरणी टाकायची होती, आणि म्हाताऱ्याला दैवशालाशिवाय आहे कोण, असा त्याचा सरळ हिशेब होता. दैवशाला सोबत होती. ती आईकडे बघत नव्हती. सुग्रीव विरघळला. लेकीच्या तोंडाकडे बघून तो 'हो' म्हणणारच होता.

"पैसे न्हाईत," छबूबाई म्हणाली.

"अगं, पोस्टातून आणले न्हवं..."

"आणले ते माजेबी हायेत. पाच साल ठिगळं मी लावलीत." मग ती लेकीकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "बाई, ह्ये पैसे तुला दिले तर उद्या आमी तुज्या दारात येणार. तुजा नवरा चांगला हाय, त्यो घालंल बी. पर तुज्या सासूच्या समोर मला ताट वाढताना तुजा हात कापंल. त्यो हात मला बघायचा न्हाई. आमी तुज्या घरी पावनं म्हणून आलं पायजे, दोन दिस, मानानं."

दैवशालाने पदर डोळ्यांना लावला. जावई चहा न घेता गेला आणि पुढचे दीड वर्ष त्याने सासुरवाडीचे तोंड बघितले नाही. ते दीड वर्ष छबूबाईने कसे काढले ते तिचे तिलाच ठाऊक. रात्री कूस बदलताना ती एवढेच म्हणे, "आपुन बराबर केलं ना?"  नंतर जावयाने सोसायटीतून कर्ज काढून गिरणी टाकली, ती बरी चालली, आणि संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला. तो विषय मग कुणी काढला नाही.

पैसे गुरुजींच्या सांगण्यावरून किसान विकास पत्रात गेले. साडेपाच वर्षांत दामदुप्पट. शिवाय नवे पुस्तक उघडले, महिना आता पन्नासचा. छबूबाई आपल्या कापूस वेचणीतले पैसे त्यात घालू लागली आणि महिना सरायच्या आत नवऱ्याला स्वतःच गुरुजींकडे पिटाळू लागली. तात्यारावांच्या ओट्यावर आता आणखी दोन गडी कपड्यांचे पैसे महिन्याने मागू लागले होते. तात्याराव वैतागून म्हणत, "ह्या सुग्र्यानं माज्या घराची कचेरी केली."

त्र्याण्णवच्या दिवाळीपर्यंत पत्रे दुप्पट झाली, दुसरे पुस्तकही भरले. ते सगळे पालमच्या टपालकचेरीत एकत्र ठेवून दरमहा व्याज घ्यायचे, असे गुरुजींनी सुचवले. जानेवारीत जायचे ठरले तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला होता. कुठे गुलाल, कुठे बंद. फाट्यावर दोन तास थांबूनही एसटी आली नाही. सुग्रीवचे गुडघे आता साथ देत नव्हते. तरी दोघे पायीच निघाली, वाटेत दोनदा बसली. कचेरी मात्र बंद निघाली. ती तशीच परत आली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन पैसे ठेवून आली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सुग्रीव तात्यारावांकडे गेला. त्याला ओट्यावर चार माणसांत बोलायचे नव्हते.

"मालक, उद्या मी बसत न्हाई पायरीवर."

तात्यारावही थकले होते. मुले एक परभणीला, एक औरंगाबादला. घरात दोन म्हातारी माणसे आणि मोठे अंगण.  "माज्याकडं काय कमी पडलं तुला? अर्धं साल देतो. नुसती राखण कर."

"कमी काय न्हाई पडलं. पेरणीला हाक मारा, रोजानं येतो. जमंल तेवढं करीन, न जमंल ते सांगीन. पर साल नगं आता."

"खाशील काय?"

"पोस्टाचं व्याज येतं म्हयन्याला. लय न्हाई. दोगांची ज्वारी भागती. बाकी मीठमिरची रोजातून."

तात्याराव हसले, पण त्या हसण्यात काही हलके नव्हते. "तुजं बरं हाय. माजं म्हातारपन पोरांच्या नावावर चढलंय, सात-बाऱ्यासकट." मग त्यांनी पानाचा डबा पुढे सारला. "बस. खाली नगं, हितं वर बस."

सुग्रीव ओट्याच्या कडेला टेकला. सवय नसल्याने त्याला नीट बसता येईना.

पाडवा होऊन आठ दिवसांनी नवरा-बायको पालमला गेली. टपालकचेरीतून महिन्याचे व्याज घेऊन ती बाजारातल्या एका आडत्याच्या दुकानी आली. आयुष्यभर त्यांच्या घरची ज्वारी मालकाच्या जमिनीखालच्या पेवातून मापाने येई. जी येई ती खायची. कधी पेवात पाणी शिरलेली, वासाची, कधी किडकी. छबूबाई ती उन्हात घाली, पाखडे, आणि तरीही भाकरीला येणारा वास मुकाट्याने गिळे, कारण सालाच्या ज्वारीला नाव ठेवणे म्हणजे मालकाला नाव ठेवणे होते.

दुकानदाराने पुढचे पोते दाखवले. छबूबाईने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ वर काढली, तळव्यावर पसरली, दोन दाणे दातांखाली फोडले.

"ही नगं," ती म्हणाली. "दमट हाय."

"अवो मावशी, कालच आली. सगळे ह्येच न्यायलेत."

"नेऊ द्या. मला नगं. ती तिकडली दाखवा."

दुकानदाराने दुसरे पोते उघडले. तिने त्यातही हात घातला, दाणे उजेडाकडे धरले आणि मान हलवली. तिसऱ्या पोत्यापर्यंत दुकानदार कुरकुरू लागला. सुग्रीव अवघडून म्हणाला, "घे की गं कंची बी. त्यांचा येळ चाललाय."

"चालू द्या," छबूबाई म्हणाली, आणि लुगड्याचा पदर खोचून तिसऱ्या पोत्यापुढे सावकाश, ऐसपैस बसली.